प्रोपिस्का आणि हुकौ: पत्त्याचा शिक्का, जन्माचा शिक्का

सोव्हिएत संघातील ‘प्रोपिस्का’ आणि चीनमधील ‘हुकौ’ या दोन्हींना सरसकट निवासनोंदणी म्हटले जाते, आणि त्यामुळे दुसरी ही पहिलीचीच नक्कल असावी असा समज होतो. चीनने मॉस्कोकडून बरेच उचलले हे खरे. तरी प्रोपिस्काचा प्रश्न माणूस राहतो कुठे एवढाच होता, तर हुकौचा प्रश्न तो कोणाच्या पोटी जन्मला हा होता.

प्रोपिस्का म्हणजे देशांतर्गत पासपोर्टावर पोलिसांनी मारलेला राहत्या पत्त्याचा शिक्का. हा पासपोर्ट डिसेंबर 1932 मध्ये, दुष्काळाच्या ऐन दिवसांत सुरू झाला. सामूहिक शेतांवरील बहुतेक शेतकऱ्यांना मात्र तो नाकारला गेला, आणि 1974 च्या निर्णयानंतरच तो त्यांना हक्काने मिळू लागला. पासपोर्ट असलेल्यांचीही मॉस्कोत कोंडी होई, कारण प्रोपिस्काशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय प्रोपिस्का नाही. तरीही शिक्का बदलता येत असे. कारखान्यांना बाहेरगावचे कामगार घेण्यासाठी कोटा मिळे आणि त्यातून आलेले ‘लिमितचिक’ कायमच्या शिक्क्याच्या आशेवर वसतिगृहाच्या एका खाटेवर वर्षे काढत. मॉस्कोकराशी नावापुरते लग्न लावणे ही तर सर्वज्ञात पळवाट होती.

हुकौत लग्नाचा असा उपयोग नव्हता. जानेवारी 1958 च्या नियमावलीनंतर शेतकी (गावची) आणि बिगरशेतकी (शहरी) नोंदणी हा भेद पक्का झाला, आणि मुलाला आईचाच दर्जा मिळे (हा नियम 1998 मध्ये सैल झाला). म्हणून शहरी कामगाराने गावच्या मुलीशी लग्न केले, तर तिच्यासह मुलेही शेतकीच राहत. शिवाय पहारा पोलिसांपेक्षा धान्याच्या कुपनांचाच अधिक होता: खाणावळीत वाटीभर भातालाही पैशांसोबत कुपन लागे, आणि नियमित कुपने शहरी हुकौवाल्यांनाच मिळत. आपल्याला इथे रेशनकार्ड आठवते, पण ते नाही म्हणून मुंबईत येणाऱ्याला कोणी अडवले नव्हते.

रशियात 1993 च्या कायद्याने परवानगीवजा प्रोपिस्काची जागा साध्या नोंदणीने घेतली. चीनमध्ये कुपने त्याच सुमारास गेली आणि गावोगावचे मजूर शहरांत लोटले. 2014 मध्ये शेतकी-बिगरशेतकी भेद मिटवण्याचेही ठरले. पण बीजिंगमध्ये लहानाचे मोठे झालेल्या या मजुरांच्या मुलांना विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा द्यायला आजही सहसा हुकौच्या प्रांतातच परतावे लागते.