फेब्रुवारी १९९५ : निधनसूची (सोलापूरच्या संदर्भात)

फेब्रुवारी १९९५ मध्ये निवर्तलेल्या ख्यातनाम व्यक्तींची कालक्रमानुसार नोंद. अशा मासिक सूच्या सर्वत्र ग्रेगरियन महिन्याप्रमाणे केल्या जातात. त्यांतील दिनांक मृत्यूच्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे धरतात. हा महिना येथे स्वतंत्र नोंदीसाठी घेण्याचे पहिले कारण म्हणजे त्याच्या अखेरच्या दिवशी, २८ फेब्रुवारीला, सोलापूरचे कवी संजीव यांचे निधन झाले. दुसरे कारण कालगणनेचे आहे. त्या वर्षी फेब्रुवारीचे सर्व २८ दिवस शके १९१६ च्या माघ महिन्यात पडले आणि हिजरी १४१५ चा रमजानही जवळजवळ त्याच दिवसांत आला. तीन कालगणनांचे महिने इतके जुळून येणे विरळा. त्यामुळे ‘एका महिन्यातील मृत्यू’ या कल्पनेची नीट परीक्षा या सूचीवर करता येते.

सूचीतील प्रमुख नावे अशी : इंग्लिश टेनिसपटू फ्रेड पेरी (२ फेब्रुवारी, मेलबर्न), ज्यांनी १९३४ ते १९३६ अशी सलग तीन वर्षे विम्बल्डनचे एकेरी विजेतेपद मिळविले, ब्रिटिश नट डॉनल्ड प्लेझन्स (२ फेब्रुवारी), अमेरिकन कादंबरीकार पॅट्रिशिया हायस्मिथ (४ फेब्रुवारी, स्वित्झर्लंडमधील लोकार्नो), अमेरिकन सिनेटर जे. विल्यम फुलब्राइट (९ फेब्रुवारी). ब्रह्मदेशाचे पहिले पंतप्रधान ऊ नू (१४ फेब्रुवारी). ब्रिटिश नाटककार व पटकथाकार रॉबर्ट बोल्ट (२० फेब्रुवारी). पशुवैद्य व लेखक जेम्स हेरिअट (२३ फेब्रुवारी). चित्रपट-दिग्दर्शक जॅक क्लेटन (फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यात). आणि कवी संजीव (२८ फेब्रुवारी). फुलब्राइट यांच्या नावाच्या शिष्यवृत्तीचा कायदा १९४६ चा. भारताशी त्यासंबंधीचा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. ऊ नू यांच्या कारकिर्दीत रंगून येथे सहावी बौद्ध धम्मसंगीती (धर्मपरिषद, १९५४–५६) भरली. डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर रंगूनला गेले होते, म्हणून महाराष्ट्रातील बौद्ध वाचकांना हे नाव परके नाही.

प्रचलित सूच्यांत इंग्रजी वृत्तपत्रांत मृत्युलेख आलेल्या व्यक्तींचाच भरणा असतो. टेनिसपटू, नट, पटकथाकार सहज सापडतात. मराठी किंवा कन्नड कवी शोधावा लागतो. संजीव यांचे नाव या पंक्तीत घालणे ही भर नव्हे, दुरुस्ती आहे, असे प्रस्तुत संकलकाचे मत आहे.

*नावाचा प्रश्न.* निधनसूचीत व्यक्ती कोणत्या नावाखाली लावायची, याचे नियम वाटतात तितके सोपे नाहीत आणि या एका महिन्यात त्याची तीन उदाहरणे एकत्र आली आहेत. ‘जेम्स हेरिअट’ हे टोपणनाव. मूळ नाव जेम्स आल्फ्रेड वाइट. ब्रिटनमध्ये पशुवैद्याला स्वतःची जाहिरात करण्यास व्यवसायनियमांनी मज्जाव होता, म्हणून त्यांनी दुसरे नाव घेतले. ‘ऊ’ हा ब्रह्मी भाषेतील आदरवाचक शब्द, मराठीतील ‘श्री’ किंवा ‘राव’ यांसारखा. नाव ‘नू’ एवढेच. काटेकोर सूचीकार त्यांना ‘न’मध्ये घालतात, बहुतेक ‘ऊ’मध्ये. तिसरे उदाहरण संजीव यांचे. कृष्ण गंगाधर दीक्षित (जन्म १२ एप्रिल १९१४) हे दक्षिण सोलापुरातील वांगी गावचे. गझल, भावगीत आणि मराठी चित्रपटगीत या तिन्ही क्षेत्रांत ते ‘संजीव’ म्हणूनच ओळखले गेले. जन्म-मृत्यूच्या दप्तरात दीक्षित, ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर संजीव, लोकांच्या तोंडी ‘कवी संजीव’. या तिसऱ्या रूपात ‘कवी’ हा शब्द नावाचाच भाग झालेला आहे. ज्याच्या ओळी गावाला पाठ आहेत त्याला गावाने दिलेल्या नावाखाली ठेवावे आणि मूळ नाव कंसात द्यावे, ही पद्धत अधिक योग्य वाटते. सोलापूरचेच कवी कुंजविहारी (१८९६–१९७८) यांच्याबाबतीतही हाच प्रघात आहे. त्यांचे आडनाव कुलकर्णी होते हे आज फार थोड्यांच्या लक्षात असते.

*तिथी आणि तारीख.* सोलापूर जिल्ह्याचा या विषयाशी विशेष संबंध येथे येतो. मृत्यूची तिथी व वार्षिक श्राद्धाचा दिवस ठरविण्यासाठी महाराष्ट्रात ज्या ग्रंथाचा आधार सर्वाधिक घेतला जातो, तो *धर्मसिंधु* काशीनाथशास्त्री उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस (सामान्यतः १७९०-९१ हा काळ मान्य) लिहिला. बाबा पाध्ये मूळचे कोकणातील, पण त्यांचे वास्तव्य पंढरपुरात होते. ज्या पंचांगावरून त्या तिथी घरोघर पाहिल्या जातात ते दाते पंचांग सोलापुरातून निघते. नानाशास्त्री दाते यांनी ते १९१६-१७ च्या सुमारास सुरू केले. नियम पंढरपूरचा आणि गणित सोलापूरचे, असा हा योग आहे.

तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे जाण्यास लागणारा काळ. चंद्राची गती एकसारखी नसल्याने हा काळ सुमारे २० ते सुमारे २७ तासांच्या दरम्यान बदलतो. सरासरी २३ तास ३७ मिनिटे. म्हणून एखादी तिथी दोन सूर्योदय पाहते (वृद्धी), तर एखादी एकही पाहत नाही (क्षय). व्यवहारात सूर्योदयाला असलेली तिथी दिवसभराची समजतात, पण मृततिथीला हा नियम लागत नाही. मृत्यूच्या क्षणी जी तिथी चालू असेल तीच मृततिथी. पुढे दरवर्षीचे श्राद्ध ज्या दिवशी ती तिथी अपराह्णकाळी, म्हणजे दिनमानाच्या पाच भागांपैकी चौथ्या भागात, असेल त्या दिवशी करतात. मृत्यू अधिक महिन्यात झाला असल्यास एरवी श्राद्ध त्याच नावाच्या शुद्ध, म्हणजे अधिक नसलेल्या, महिन्यात होते.

हे नियम २८ फेब्रुवारी १९९५ ला लावून पाहता येतात. आदल्या दिवशी, सोमवारी २७ फेब्रुवारीला, महाशिवरात्र होती, कारण ती मध्यरात्री चालू असलेल्या चतुर्दशीवरून धरतात. मंगळवारी २८ तारखेला सूर्योदयी माघ वद्य चतुर्दशी होती, तर दुपारनंतर अमावास्या लागली, ती १ मार्चच्या सायंकाळी संपली. म्हणजे त्या दिवशी सकाळी वारलेल्या माणसाची पुण्यतिथी चतुर्दशीला आणि रात्री वारलेल्याची अमावास्येला. तारीख दोघांची एकच. छापील सूचीत केवळ तारीख दिल्यास हा भेद पुसला जातो. निधनाच्या बातमीत ‘पहाटे’, ‘सायंकाळी’ असा काळ देण्याची मराठी वृत्तपत्रांची जुनी सवय म्हणूनच मोलाची आहे.

चतुर्दशी धरली तरी ती दरवर्षी फेब्रुवारीत येत नाही. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून तिथी दरवर्षी सुमारे ११ दिवसांनी मागे सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जाते. २००५ आणि २०२४ या दोन्ही वर्षी महाशिवरात्र ८ मार्चला होती. १९ वर्षांत ७ अधिक महिने धरले की तिथी व तारीख पुन्हा जवळपास जुळतात. त्यानुसार २०१४ मध्ये महाशिवरात्र नेमकी २७ फेब्रुवारीला आली आणि २८ च्या सूर्योदयाला माघ वद्य चतुर्दशी होती, १९९५ प्रमाणेच.

महिन्याचे नाव हा आणखी वेगळा गुंता. सोलापुरात मराठी, कन्नड व तेलुगू भाषक एकत्र राहतात. तिघांचेही महिने अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारे. पाडवा आणि युगादीचा दिवस एकच. त्यांच्या हिशेबी २८ फेब्रुवारी १९९५ हा माघातला दिवस. शहरातील मारवाडी व्यापारी कुटुंबांत मात्र पौर्णिमान्त, म्हणजे महिना पौर्णिमेला संपवणारी, गणना चालते; त्यांच्याकडे तोच वद्य पक्ष फाल्गुनाचा. २२ मार्च १९५७ पासून अमलात आलेल्या भारतीय राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेप्रमाणेही ती तारीख ९ फाल्गुन १९१६ येते, पण ती पूर्णतः वेगळ्या, सौर कारणाने. शिवाय टिळक पंचांग व दाते पंचांग यांच्या अयनांशांत (राशिचक्राचा आरंभ वसंतसंपातापासून किती अंशांवर धरायचा, त्या आकड्यात) सुमारे ४ अंशांचा फरक असल्याने काही वर्षी अधिक महिना वेगळा येतो. त्याने तिथीचा आकडा बदलत नाही; महिन्याचे नाव बदलू शकते. १९९५ च्या फेब्रुवारीपुरता दाते पंचांगाचा माघ ३१ जानेवारीला सुरू होऊन १ मार्चला संपला. माघाप्रमाणे सूची करायची झाल्यास अमेरिकन रंगभूमीचे शतायुषी दिग्दर्शक जॉर्ज ॲबट (मृत्यू ३१ जानेवारी, वय १०७) तिच्यात येतात. ग्रेगरियन सूचीत त्यांचे नाव जानेवारीत असते.

*सोलापुरातील प्रथा.* जिल्ह्यात तिथीने पाळायचे आणि तारखेने पाळायचे, अशी विभागणी ढोबळपणे धार्मिक व नागरी अशी आहे. अक्कलकोटच्या स्वामी समर्थांची पुण्यतिथी चैत्र वद्य त्रयोदशीला होते. समाधीचा दिवस मंगळवार, ३० एप्रिल १८७८. पण उत्सव २०२३ मध्ये १८ एप्रिलला, तर २०२४ मध्ये ६ मेला झाला. नामदेवांची समाधी (परंपरेने आषाढ वद्य त्रयोदशी, शके १२७२) आणि मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून झालेला चोखोबांचा मृत्यू (वैशाख वद्य पंचमी, शके १२६०) हीदेखील तिथीनेच सांगितली जातात. नामदेवांचा देह पंढरपुरात पडला की पंजाबातील घुमान येथे, याविषयी दोन परंपरा आहेत. अभंगांतील अंतर्गत पुरावा व पायरीची परंपरा पाहता पंढरपूरचा पक्ष बळकट वाटतो. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर (सिद्धेश्वर) यांचा काळ बाराव्या शतकाचा, यावर सर्वसाधारण एकमत आहे. चरित्राचा मुख्य आधार राघवांकाचे कन्नड काव्य.

नागरी स्मृतिदिन तारखेने. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा ९ डिसेंबर (१९४२) चीनमध्ये आणि सोलापुरात एकाच दिवशी पाळता येतो, कारण दोन्ही देशांत व्यवहाराची दिनदर्शिका तीच. सर्वांत बोलके उदाहरण १२ जानेवारीचे आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या स्वातंत्र्यलढ्यातील सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. तो दिवस धनशेट्टी व शिंदे यांच्या पंचांगाप्रमाणे पौष वद्यातला, सारडांच्या घरच्या गणनेत माघ वद्यातला, तर कुर्बान हुसेन यांच्यासाठी हिजरी १३४९ च्या शाबानमधला. चौघांचा मिळून एक दिवस धरायचा तर तारखेशिवाय मार्ग नव्हता. त्यातून एक गोष्ट आपोआप घडली. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संक्रांतीची. संक्रांत ही सूर्याच्या गतीवर ठरते, म्हणून ती दरवर्षी १४-१५ जानेवारीलाच येते. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम आणि शोभेचे दारूकाम याच आठवड्यात होतात. हुतात्म्यांचा दिवस तिथीने पाळला असता तर तो यात्रेपासून पुढे-मागे भटकत राहिला असता. तारखेने पाळल्यामुळे यात्रेच्या मिरवणुकीतले नंदीध्वज निघण्याच्या सुमारासच शहर हुतात्मा चौकात फुले वाहते.

*शब्द.* मृत्यूच्या नोंदीतील शब्द व्यक्तीचा समाज सांगून जातो. वारकरी ‘वैकुंठवासी’ होतो, लिंगायत ‘लिंगैक्य’ किंवा ‘शिवैक्य’, मुसलमान ‘पैगंबरवासी’, ख्रिश्चन ‘ख्रिस्तवासी’. संत ‘समाधिस्थ’ होतात. ‘महापरिनिर्वाण’ हा शब्द बुद्धांनंतर ६ डिसेंबरशी बांधला गेला आहे. बसवेश्वरांच्या मूळ शरणपरंपरेत श्राद्धकर्म मान्य नसल्याने लिंगायत घरांत ‘पुण्यस्मरण’ हा शब्द रूढ आहे. सिद्धरामेश्वरांवर मराठी-कन्नड अशा दोन्ही भाषांत लेखन करणाऱ्या आणि १९७४ मध्ये मंड्य येथील कन्नड साहित्य संमेलनाच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झालेल्या सोलापूरच्या जयदेवीताई लिगाडे (मृत्यू जुलै १९८६) यांच्याबाबतीत कन्नड लेखक ‘लिंगैक्य’ लिहितात, मराठी लेखक ‘निधन’. विश्वकोशीय सूचीत सर्वांसाठी ‘मृत्यू’ हा एकच शब्द वापरण्याचा संकेत आहे. तो समतेचा आहे, म्हणून येथील अखेरच्या नोंदीतही पाळला आहे.

वरील निकष लावल्यावर या महिन्याच्या सूचीतील अखेरची नोंद अशी होते : संजीव, कवी (कृष्ण गंगाधर दीक्षित), जन्म १२ एप्रिल १९१४, मृत्यू मंगळवार, २८ फेब्रुवारी १९९५, सूर्योदयाची तिथी माघ वद्य चतुर्दशी, शके १९१६, भाव नाम संवत्सर.