मेलबर्नच्या पाणथळी: हिशोब नायट्रोजनचा

मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट, पॉइंट कुक या भागांत नव्या वसाहतींतून चालताना मधूनमधून उथळ तळी लागतात. भोवती लव्हाळी, कडेला पायवाट, पाण्यात बदकं. बघणाऱ्याला बाग वाटते, पण ती त्या वसाहतीच्या पावसाळी गटाराची शेवटची पायरी असते: लव्हाळ्यांतून पाणी साफ करण्यासाठी मुद्दाम बांधलेली पाणथळ.

ही कल्पना मुळात पावसाच्या पाण्यासाठी निघालेली नाही. 1950 च्या दशकात जर्मनीत प्ल्योन इथल्या मॅक्स प्लांक संस्थेत केटे झायडेल यांनी लव्हाळ्यांवर प्रयोग केले, ते सांडपाण्यासाठी. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं फायटोरिड हे वनस्पतींनी पाणी साफ करण्याचं तंत्रही सांडपाण्याचंच. सांडपाणी रोज येतं आणि साधारण तेवढंच येतं. पावसाचं पाणी मात्र तीन आठवडे फिरकत नाही आणि मग अर्ध्या तासात सगळं अंगावर येतं. डांबरी रस्त्यावरची धूळ, तेल, टायरची झीज, कुत्र्यांची विष्ठा, सगळं घेऊन. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला 1983 मध्ये खास अशा पाण्यासाठी प्रात्यक्षिक पाणथळ बांधली गेली. पण या कामाला नियमाचं बळ मिळालं ते मेलबर्नमध्ये.

त्याचं मूळ 1897 मध्ये आहे. त्या वर्षी शहरातली घरं मैलावाहिनीला जोडायला सुरुवात झाली, आणि पावसाचं पाणी वेगळ्या वाटेने सोडलेलं राहिलं. व्यवस्था चांगलीच होती. फक्त त्या दुसऱ्या वाटेवर शुद्धीकरण नव्हतं. गटार ते ओढा, ओढा ते पोर्ट फिलिप उपसागर. हा उपसागर सुमारे 1,900 चौरस किलोमीटरचा, पण तोंड अरुंद, त्यामुळे आत आलेलं लवकर बाहेर पडत नाही. सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली 1992 ते 1996 या काळात त्याचा अभ्यास झाला. तळच्या चिखलातले जिवाणू शेवाळ माजवणाऱ्या नायट्रोजनचं वायूत रूपांतर करतात आणि त्यावरच उपसागर तगून आहे, असं त्यातून दिसलं. भार वाढत गेला तर ही यंत्रणा कोलमडेल, म्हणून वर्षाला 1,000 टन नायट्रोजन कमी करा, अशी शिफारस झाली. या कपातीत निम्मा वाटा शहराच्या पश्चिमेकडच्या वेरिबीतल्या मैलाशुद्धीकरण केंद्राचा, निम्मा ओढ्यांतून येणाऱ्या पाण्याचा.

पुढचं सगळं त्या आकड्यातून आलं. व्हिक्टोरिया राज्याच्या 1999 च्या मार्गदर्शिकेने पावसाच्या पाण्यासाठी उद्दिष्टं ठरवली: गाळ 80 टक्के, फॉस्फरस आणि नायट्रोजन प्रत्येकी 45 टक्के, कचरा 70 टक्के कमी. 2006 पासून नव्या निवासी वसाहतींना ती बंधनकारक झाली. यात गाळ सोपा. पाणी थांबवलं की तो बसतो. नायट्रोजनचा बराच भाग विरघळलेला असतो. त्याला वेळ लागतो, आणि देठांवर चढलेल्या जिवाणूंच्या बुळबुळीत थराशी पाण्याचा संपर्क लागतो. म्हणून नुसतं तळं पुरत नाही.

रचना अशी. आधी गाळ-तळं, दीड मीटरपर्यंत खोल: साधारण 125 मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या आठव्या भागाच्या) वरचे कण इथेच बसायला हवेत. पुढे लव्हाळ्यांचा पट्टा. त्याचा बहुतेक भाग 35 सेंटिमीटर किंवा त्याहून उथळ, आणि पाऊस पडला की वर फार तर आणखी 35 सेंटिमीटर पाणी चढतं. ते सुमारे 72 तासांत हळूहळू उतरवायचं. मुसळधार पावसाचं पाणी बाजूच्या चरातून परस्पर काढून द्यायचं, नाहीतर बसलेला गाळ आणि रोपं दोन्ही वाहून जातात.

पाणथळ मरते ती बहुधा घाणीने नाही, पातळीने. सुरुवातीच्या बांधणीत पाणी सोडणाऱ्या उभ्या पाइपला बारीक भोकं असायची. एक प्लॅस्टिकची पिशवी, थोडा पाला, की भोकं बंद. पाणी उतरत नाही. लव्हाळी पात्यांतून मुळांना हवा पोचवतात. पाती आठवडेच्या आठवडे बुडाली की मुळं गुदमरतात आणि पट्ट्याच्या मधोमध उघडं पाणी दिसू लागतं. त्यात ऊन पोचतं, मग निळं-हिरवं शेवाळ. म्हणून नियम असा झाला की पाण्याची खोली झाडाच्या उंचीच्या निम्म्याहून जास्त, एकूण काळाच्या 20 टक्क्यांपेक्षा अधिक वेळ राहू नये. भोकांच्या पाइपऐवजी हाताने कमी-जास्त करता येणारी झडप आली, आणि तिच्याकडे जाणाऱ्या पाइपाचं तोंड पृष्ठभागाच्या खाली, म्हणजे तरंगता कचरा तिथवर पोचतच नाही.

लागवडीच्या वेळचा घोटाळा वेगळाच. रोपं लावली आणि लगेच तळं भरलं तर ती बुडतात. पाणी फार कमी ठेवलं तर तण माजतं. पातळी रोपांच्या वाढीबरोबर टप्प्याटप्प्याने चढवावी लागते, आणि वर जाळी, कारण कोवळे कोंब पक्ष्यांना फार आवडतात.

गाळ-तळं साधारण पाच वर्षांनी उपसायचं असतं. ओला गाळ थेट ट्रकमध्ये भरता येत नाही, आधी निथळावा लागतो. त्यासाठी शेजारी मोकळी जागा आराखड्यातच राखून ठेवलेली असते. रहिवाशांना ती वाया गेलेली हिरवळ वाटते आणि तिथे बाक टाका, झाडं लावा अशी मागणी होत राहते.