पाणी वजा फणस

मे महिन्यात आमच्या लांज्याच्या घरी ओसरीसमोरच्या मांडवावर ताटं मांडलेली असतात. बरक्या (मऊ, रसाळ गऱ्यांच्या) फणसाचा चाळणीवर घासून काढलेला रस, त्यात चिमूटभर मीठ आणि गोडी कमी असेल तर थोडी साखर. तो ताटात अगदी पातळ पसरायचा. कुठे जाड झाला तर काकू पुन्हा हात फिरवून सारखा करते. "जाड घातलास की आतून आंबेल," म्हणते. आज एक थर, तो सुकला की उद्या त्यावर दुसरा, परवा तिसरा. पावसाच्या आधी फणसपोळी डब्यात गेली पाहिजे.

काकूच्या या बोलण्यात भौतिकशास्त्राचा एक साधा नियम आहे. ओल्या थराच्या आतलं पाणी पृष्ठभागापर्यंत रेंगाळत येतं आणि त्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. थर दुप्पट जाड केला की वाळायला साधारण चौपट वेळ. तेवढ्या वेळात रसातलं यीस्ट आपलं काम उरकून घेतं. बरं, घाई म्हणून कडक आच दिली तर वरचं कातडं घट्ट होतं आणि आतलं पाणी कोंडतं. म्हणूनच यंत्रात फळं सुकवणारेही तापमान साधारण ५५ ते ६५ अंशांतच ठेवतात. उन्हातल्या ताटाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

सुकलेली पोळी बोटाला मऊ लागते, म्हणजे तिच्यात पाणी असतंच. तरी ती वर्षभर टिकते, कारण उरलेलं पाणी साखरेने धरून ठेवलेलं असतं. जंतूंना ते वापरता येत नाही. किती पाणी जंतूंच्या हाती लागतं याचं माप म्हणजे जलक्रियाशीलता. शुद्ध पाण्याची १, ताज्या फळाची त्याच्या जरा खाली. हा आकडा ०.८५ च्या खाली गेला की रोगकारक जिवाणूंची वाढ थांबते, ०.६ च्या खाली बुरशीचीही.

आता हाच फणस चकचकीत पाकिटात 'हेल्दी व्हेगन स्नॅक' (व्हेगन म्हणजे दूध-तुपासकट प्राण्यांचं काहीच नसलेला) म्हणून मिळतो. त्याचा हिशेब कागदावर मांडून बघू. १०० ग्रॅम ताज्या पिक्या गऱ्यांत सुमारे ७३ ग्रॅम पाणी, १९ ग्रॅम साखर, दीड ग्रॅम तंतू आणि ९५ कॅलरी असतात. ते १५ टक्के पाणी उरेपर्यंत सुकवले तर हातात जेमतेम ३१ ग्रॅम येतात. साखर तेवढीच राहते, फक्त आता ती त्या ३१ ग्रॅममध्ये बसलेली असते. म्हणजे मूठभर, तीसेक ग्रॅम सुका फणस खाल्ला की चार चमच्यांहून जास्त साखर पोटात गेली. ताजे गरे दहाबारा झाले की पोट 'पुरे' म्हणतं, कारण त्यांच्याबरोबर पाणी येतं. सुक्याचं पाकीट गप्पांत संपतं.

तंतू आणि पोटॅशियम मात्र टिकतात आणि तेही तिपटीने दाट होतात. पोटॅशियम बहुतेकांना चांगलंच, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून खावं. क जीवनसत्त्वाचा बराच भाग उष्णतेत आणि हवेत जातो. प्रथिनं मुळातच कमी. फणसाला 'शाकाहारी मांस' म्हणतात ते कुयरीच्या, म्हणजे कोवळ्या फणसाच्या, धाग्यांमुळे, प्रथिनांमुळे नव्हे. ती हवी असतील तर आठळ्या उकडून खाव्यात.

दुकानात 'सुका फणस' म्हणून तीन वेगळे पदार्थ मिळतात आणि गोंधळ तिथेच होतो. आपले तळलेले गरे कच्च्या पण जून फणसाचे. त्यांत साखर कमी, स्टार्च जास्त, आणि तेल भरपूर. तळताना गऱ्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि बारीक भोकं ठेवून जातं. कढईतून काढल्यावर आतल्या वाफेचं पाणी होतं आणि भोकं पृष्ठभागावरचं तेल आत ओढून घेतात. त्यामुळे गरम असतानाच झाऱ्यावर नीट निथळणं महत्त्वाचं. दुसरा प्रकार निर्वात तळणाचा, व्हिएतनामकडून येणारी पाकिटं बहुधा याच जातीची. हवेचा दाब कमी केला की पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून पिका, गोड गराही न करपता कुरकुरीत होतो. तेल त्यातही असतंच. तिसरा नुसता वाळवलेला. त्यातही काही जण आधी गरे साखरेच्या पाकात बुडवून त्यांतलं पाणी ओढून घेतात, तेव्हा घटकांच्या यादीत साखर आहे का ते बघावं. तिथेच २२३ किंवा २२४ हा क्रमांक दिसला तर ती गंधकाची संरक्षकं. दम्याच्या काही रुग्णांना त्यांचा त्रास होतो.

गोड, कुरकुरीत गरे पावसाळ्यात सादळतात, त्याचंही कारण साखरच. अगदी कोरडी साखर काचेसारखी असते, कडक आणि ठिसूळ. ही काच कुठल्या तापमानाला मऊ पडते ते साखरेवर अवलंबून: सुक्रोजची सुमारे ६२ अंशांना, ग्लुकोजची ३१ ला, फ्रुक्टोजची अवघ्या ५ अंशांना. त्यात हवेतली ओल मिसळली की हे आकडे आणखी घसरतात. मग जुलैत मुंबईत उघडं ठेवलेलं पाकीट तासाभरात चिकट झालं तर दोष दुकानदाराचा नव्हे.

मधुमेहाला फणस चालतो, असं हल्ली छातीठोक सांगितलं जातं. त्यामागे २०२१ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी आहे. आंध्र प्रदेशात ४० रुग्णांवर झालेली. त्यांतल्या निम्म्यांना १२ आठवडे रोज ३० ग्रॅम फणसाचं पीठ दिलं, भात किंवा गव्हाच्या तेवढ्याच भागाऐवजी, आणि रक्तातल्या साखरेत सुधारणा दिसली. पण ते पीठ कच्च्या फणसाचं होतं. पिकताना स्टार्चची साखर होते, त्यामुळे हे श्रेय पिक्या, वाळवलेल्या गऱ्याला लावणं म्हणजे कैरीचं कौतुक आमरसाला देण्यासारखं आहे. आणि ४० माणसांची चाचणी ती, फार ताणू नये.

राहिला व्हेगनचा प्रश्न. फणस झाडावरचा, तेव्हा उत्तर सोपं वाटतं. पण पाकिटावरचा हिरवा ठिपका तुपालाही मिळतो. व्हेगन पदार्थांसाठी आपल्याकडे २०२२ पासून वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आहे. आमची घरची पोळी मात्र या कसोटीला उतरत नाही. रस ओतण्याआधी काकू ताटाला तुपाचं बोट फिरवते, नाहीतर पोळी सुटत नाही. पुण्याच्या पुतणीने दोन वर्षांपूर्वी दूध-तूप सोडलं. तेव्हापासून एका ताटाला खोबरेल लागतं आणि ते मांडवाच्या कोपऱ्यात वेगळं वाळतं. पोळी तशीच छान सुटते. वासाला जरा केसांच्या तेलासारखी, एवढीच काकूची तक्रार.