तपशील वेगळा, तुकडा वेगळा

शरीराच्या किंवा इमारतीच्या एखाद्याच भागाचा फोटो दिसला की त्याखाली हमखास एक शब्द येतो: ‘फ्रॅगमेंट’. खांद्याचा क्लोजअप असो, जिन्याचा कठडा असो नाहीतर खिडकीची बिजागरी, सगळ्यांना एकच लेबल. मला हे वाचून दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं, कारण या एका शब्दात दोन वेगळी कामं कोंबलेली असतात. एकाला मी तपशील म्हणतो, दुसऱ्याला तुकडा. दोन्ही बहुधा जवळून घेतलेले असतात, दोन्हींत वस्तूचा बराचसा भाग वगळलेला असतो. साम्य एवढंच.

तपशील सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तो चटकन उरकतो. खांब आणि तुळई कुठे, कशी जुळली हे आर्किटेक्टला दाखवायचं असतं. घोट्यावरची सूज डॉक्टरला पाहायची असते. तपशील पूर्ण वस्तूविषयी काहीतरी सांगतो आणि पाहणाऱ्याला परत तिच्याकडेच पाठवतो. चांगला तपशील टिपायला कसब लागतं, पण तो समजायला अडचण येत नाही.

अडचण येते ती तुकड्याची. त्यातही लोक ज्या खुणांवरून तो ओळखायला जातात, त्या खुणाच चुकीच्या असतात.

सगळ्यात जुना गैरसमज कात्रीचा. नंतर क्रॉप केला तर तो ‘खरा’ तुकडा नाही, कॅमेऱ्यातच दिसला पाहिजे, असं ठासून सांगणारे भेटतात. नेमकं उलटं सांगणारेही भेटतात. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनचं बरंचसं गाजलेलं काम आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हवरचं आहे. त्यावरून तो त्याच मापाचा कॉन्टॅक्ट प्रिंट काढायचा, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून, न वाढवता. शटर दाबण्यापूर्वीच सगळं ठरलेलं असायचं. इमारतींचे फोटो काढणाऱ्या ल्युसिएं एर्वेचं याच्या नेमकं विरुद्ध. 1949 मध्ये त्याने फ्रान्समधल्या मार्सेयमध्ये बांधकाम चालू असलेल्या युनिते दाबितासियाँ या इमारतीचे एका दिवसात 650 फोटो काढले आणि तिचा आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए याला पाठवले. तुमच्याकडे आर्किटेक्टचा आत्मा आहे, अशा अर्थाचं उत्तर आलं, आणि 1965 मध्ये ल कॉर्बुझिए वारेपर्यंत एर्वे त्याच्या इमारतींचे फोटो काढत राहिला. हा माणूस कॉन्टॅक्ट प्रिंट हातात घेऊन सरळ कात्री चालवायचा, फोटोचा निम्म्याहून जास्त भाग टाकून द्यायचा. एकाने कात्रीला हात लावला नाही, दुसऱ्याने ती खाली ठेवली नाही, आणि दोघांच्याही कामात अस्सल तुकडे आहेत. तेव्हा कापलं कधी, हा प्रश्न सोडून द्यावा.

दुसरी खूण मोजमापाची. ‘ही वस्तू किती मोठी आहे ते कळत नसेल तर तुकडा’, असं शिकवलं जातं. अर्धवट बरोबर आहे, पण त्यावर विसंबू नका. एर्वेच्या कितीतरी फोटोंत भिंतीपाशी किंवा सावलीच्या कडेला एखादा माणूस उभा असतो, त्यामुळे आकाराचा अंदाज लगेच येतो. तरी तो तुकडाच राहतो. ‘अमूर्त’ हा शब्दही असाच वाटेल तिथे चिकटवतात. तुकड्यातला गुडघा गुडघाच असतो, तो ओळखू येतो. आणि अर्धवट बांधलेली इमारत किंवा हात तुटलेली मूर्ती ही वस्तूची अवस्था झाली, फोटोची नव्हे. मोडक्या गोष्टीचा फोटो आपोआप तुकडा होत नाही.

आता मुख्य मुद्दा. फरक आहे तो फोटोच्या कडेत.

तपशिलात कड म्हणजे फक्त कॅमेरा जिथे थांबला ती जागा. तिच्यापलीकडे हात पुढे जातो, भिंत पुढे जाते, आणि पाहणाऱ्याचं मन तो उरलेला भाग न सांगता भरून काढतं. तुकड्यात कड ही चित्रातली एक रेघच असते, कोपराच्या किंवा छज्ज्याच्या रेघेइतकीच महत्त्वाची. आतले आकार तिच्यावर येऊन टेकतात, तिच्याशी कोन करतात, तिच्यामुळे बंद होतात. पलीकडे काय आहे, हे विचारावंसंच वाटत नाही.

वाचून हे कळल्यासारखं वाटतं, पण हाताने करून पाहिल्याशिवाय पटत नाही. काळ्या पुठ्ठ्याच्या एल आकाराच्या दोन पट्ट्या कापा आणि प्रिंटवर समोरासमोर ठेवून सरकवा. माझ्याकडे एका नर्तकाचा फोटो आहे. हात कमरेवर, मागे अंधार, एका बाजूने प्रकाश. पट्ट्या अशा ठेवल्या की बोटांची टोकं दिसतात, तर नजर सारखी बोटांकडे धावते आणि मन म्हणतं: हात. खालची पट्टी बोटभर वर सरकवली की बोटं जातात, आणि इतका वेळ नुसती पार्श्वभूमी असलेला दंड आणि बरगड्यांमधला काळा त्रिकोण एकदम पुढे येतो. त्याच्या दोन बाजू त्वचेच्या, तिसरी पट्टीची. आता डावी पट्टी आणखी थोडी आत घेतली आणि कोपराचं टोक जेमतेम कडेला टेकवलं, की आकार ताणला जातो, दोरी आवळल्यासारखा. त्याहून केसभर आत गेलात की टोक कापलं जातं, ताण निघून जातो, आणि समोर उरतो तो नुसता चुकून कापलेला हात.

माझी कसोटी हीच आहे: कड बोटभर हलवा. तपशील बोटभर हलवला तरी तपशीलच राहतो, माहिती थोडी कमी-जास्त होते इतकंच. तुकडा बोटभर हलवला की मोडतो.

इमारतीवर हेच करून बघा. उघड्या काँक्रीटचा गोल जिना खालून पाहिला आहे, शटरिंगच्या फळ्यांचे ठसे तसेच राहिलेले, दोन फळ्यांच्या फटीतून सिमेंटचं पाणी ओघळून वाळलेलं. कोपऱ्यात विजेचं एखादं बटण किंवा कठड्याचं टोक आलं की तो जिना झाला: चढायचा, कुठेतरी नेणारा. ते बाहेर ठेवलं आणि फळ्यांच्या समांतर रेघा एका कडेतून शिरून दुसरीतून निघून गेल्या, की जिन्याचं पोट निव्वळ एक वळण होतं, उजेडातून काळोखात जाणारं. बटण वाईट दिसतं म्हणून ते काढायचं नसतं. ते वापराची आठवण करून देतं, आणि वापर आठवला की उरलेली इमारत आठवते.

इथे पोर्ट्रेट शिकवताना घोकून घेतला जाणारा एक नियम आडवा येतो: सांध्यावर कापू नका. मनगट, कोपर, गुडघा, घोटा या जागी चौकट आली तर अवयव तुटल्यासारखा दिसतो, म्हणून दोन सांध्यांच्या मधे कापा. व्यक्तिचित्रात आणि तपशिलात हा नियम योग्यच आहे, कारण तिथे अवयव पुढे चालू आहे असं वाटायला हवं असतं. तुकड्याला तो लावणं मला अजिबात पटत नाही. तुकड्यात पाहायचं ते एवढंच, की रेघ कडेला कुठे आणि कोणत्या कोनात भेटते. सांधा हा शब्द आपण शरीराला आणि बांधकामाला सारखाच वापरतो, आणि दोन्हीकडे हीच गफलत होते. काँक्रीटच्या दोन पटलांमधला सांधा फोटोत ‘पूर्ण’ दिसलाच पाहिजे, असा आग्रह मी बऱ्याच जणांकडून ऐकला आहे. बांधकामाची नोंद ठेवायची असेल तर जरूर दिसू दे.

कडेने काहीच न कापता तुकडा होतो का? होतो, आणि ज्यांना तुकडा म्हणजे क्रॉप वाटतो त्यांनी हा फोटो आधी पाहावा. वेस्टनने 1925 मध्ये मेक्सिकोत काढलेलं ते पाठमोरं नग्नचित्र घ्या. बाई पुढे वाकून बसली आहे. डोकं, हात, पाय शरीरामागेच दडले आहेत. उरते ती पाठ आणि नितंब, एखाद्या पेअरच्या फळासारखे. इथे कापण्याचं काम चौकटीने केलेलं नाही, बसण्याच्या ढबीने केलं आहे. ब्रिटिश छायाचित्रकार बिल ब्रँट आणखी वेगळ्या वाटेने गेला. पोलीस घटनास्थळाची नोंद करायला वापरत तसला एक जुना लाकडी, अतिरुंद कोनाचा कॅमेरा त्याला मिळाला होता. पुढे 1957 मध्ये इंग्लंडमधल्या ईस्ट ससेक्सच्या किनाऱ्यावर त्याने एक कान टिपला. गोट्यांच्या किनाऱ्यावर तो एखाद्या कड्यासारखा पडला आहे, मागे समुद्रकिनारा दूरवर जातोय. आजूबाजूचं सगळं दिसतं, तरी कानापलीकडची बाई मनात येत नाही. माझ्या मते शरीराच्या तुकड्यांत याहून धाडसी काम क्वचितच झालं आहे.

चेहरा कापला की माणूस पुसला जातो, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तसं होणारे फोटो ढिगाने आहेत. पण तो दोष तुकड्याचा नाही. छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झने 1917 पासून वीस वर्षं चित्रकार जॉर्जिया ओकीफचे तीनशेहून जास्त फोटो काढले. त्यांत नुसते हात आहेत, मान आहे, धड आहे, आणि त्या सगळ्यांना मिळून तो एक व्यक्तिचित्र मानत होता. छायाचित्रकार जॉन कोप्लान्सने साठी ओलांडल्यावर, 1984 पासून, स्वतःच्या उघड्या शरीराचे फोटो काढले: सुरकुतलेली पाठ, केसाळ मांड्या, मुठी. डोकं कुठेच नाही, आणि नाव सरळ ‘सेल्फ-पोर्ट्रेट’. त्या पाठीसमोर उभं राहून कुणी म्हणावं की इथे माणूस नाही.

शरीर आणि आधुनिक वास्तू यांची जोडी लागली की मोड्युलर या मापपद्धतीचा उल्लेख ठरलेला: ल कॉर्बुझिएचा तो 183 सेंटिमीटरचा माणूस, हात वर केला की 226. उल्लेख खरा आहे, पण या विषयाशी त्याचा संबंध नाही. मोड्युलर मापं पुरवतो, तीही अख्ख्या उभ्या माणसावरून. तुकड्यांच्या बाबतीत जोडी जमते ती पृष्ठभागामुळे. कोरीवकाम असलेल्या भिंतीचा कुठलाही भाग घ्या, नक्षीच सांगते की मी इथली, माझ्या शेजारी अमुक. तिचा तुकडा करणं फार अवघड. उघडं काँक्रीट त्वचेसारखं आहे. त्यावर असा पत्ता लिहिलेला नसतो, आणि आकार दिसतो तो केवळ उजेड कुठून पडतो त्यावरून. चंदीगडच्या हायकोर्टाचे एर्वेने काढलेले फोटो बघताना उन्हाची धार भिंतीला जिथे चिरते तिथेच त्याने कड आणलेली दिसते. पाठीच्या कण्यावरून सरकणाऱ्या सावलीला छायाचित्रकार असंच वागवतो.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. तपशील आणि तुकडा शेजारी-शेजारी लावू नका, आणि तुकड्याशेजारी पूर्ण वस्तू तर मुळीच नको. नर्तकाचा तो फोटो एका प्रदर्शनात लागला होता. मांडणाऱ्यांनी चांगल्या हेतूने त्याच्या बाजूला त्याच माणसाचा, त्याच पवित्र्यातला, डोक्यापासून पायापर्यंतचा फोटो टांगला. लोक येत होते, मोठ्या फोटोतला कमरेवरचा हात शोधत होते, सापडला की मान डोलवून पुढे जात होते. काळ्या त्रिकोणाकडे दोन तासांत कुणी पाहिलं नाही. संध्याकाळी मी मोठा फोटो उतरवून घेतला आणि त्या जागी मोकळी भिंत राहू दिली.