अगाशीवर मोजता येणारा इतिहास

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या बडोद्याच्या जुन्या मराठी वस्त्यांमधून चालताना मान वर केली, की प्रसारणाचा शतकभराचा इतिहास अगाश्यांवर गंजत पडलेला दिसतो. (गच्चीला इथला मराठी माणूसही अगाशीच म्हणतो.) कठड्याला लोंबणारी चिनीमातीची अंडाकृती गोटी, वाकलेल्या पाइपवर दोनच दांड्या उरलेला ॲल्युमिनियमचा अँटेना आणि शेजारी नवी राखाडी ताटली. हा इतिहास सहसा तारखांनी सांगतात. पण अँटेना त्याने पकडायच्या लहरीच्या मापाने बनतो, त्यामुळे मोजपट्टी घेतली तरी चालते. हिशेब सोपा आहे: ३०० ला मेगाहर्ट्‌झमधल्या वारंवारतेने भागा, तरंगलांबी मीटरमध्ये मिळते.

गोटीपासून, म्हणजे रेडिओची तार ताणून बांधताना टोकांना लावायच्या विद्युतरोधकापासून, सुरुवात करू. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू केले, अवघ्या दीड किलोवॉटच्या प्रक्षेपकावर. कंपनी १९३० मध्ये बुडाली, सेवा सरकारकडे गेली आणि १९३६ मध्ये तिला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. बडोदा संस्थानाने स्वतःचे रेडिओ केंद्र काढले होते. ते १९४८ मध्ये आकाशवाणीत विलीन झाले. हे सगळे प्रामुख्याने मध्यम लहरींवर. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्‌झवर, म्हणजे ०.५५८ मेगाहर्ट्‌झवर, भागाकार केला की ५३७ मीटर येतात. या लहरीच्या पाव लांबीचा अँटेना हवा म्हटले तर १३४ मीटर उंच मनोरा लागेल. प्रक्षेपण केंद्राला तो परवडतो. दांडिया बाजारातल्या घराला दहा-पंधरा मीटरची तांब्याची तार पुरते, आणि ती का पुरते हे समजून घेण्यासारखे आहे. मध्यम लहरींवर विजेच्या कडकडाटाची, मोटारींची, शिलाई मशीनची खरखर रेडिओच्या आतल्या खरखरीपेक्षा कितीतरी मोठी असते. एरियल लांब केली तर कार्यक्रम आणि खरखर दोन्ही सारखीच वाढतात. म्हणून तार किती लांब यापेक्षा ती कुठे आणि कशी बांधली याला महत्त्व.

तार विजेच्या खांबावरच्या तारांना समांतर नको. काटकोनात ताणली तर गुणगुण कमी येते. दोन्ही टोकांना गोटी. गोटीतली दोन भोके एकमेकांना आडवी असतात, त्यामुळे तारांचे फास एकमेकांत अडकतात आणि चिनीमाती ताणली न जाता दाबली जाते. दाब ती सोसते, ताण सोसत नाही. शिवाय गोटी फुटली तरी तार खाली पडत नाही. अर्थिंगसाठी नळाचा लोखंडी पाइप, किंवा कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यात तांब्याची पट्टी. वैशाखात खड्डा कोरडा पडला की आवाजात घरघर वाढायची आणि बादलीभर पाणी ओतले की ती कमी व्हायची. यात जादू नाही, कोरड्या मातीतून वीज नीट वाहत नाही. वारा सुटल्यावरच खरखर होत असेल तर रेडिओ उघडायची गरज नाही. खाली येणाऱ्या तारेच्या जोडावर हिरवट गंज चढलेला असतो. तो खरवडून डाख द्यायचा.

मुंबई बडोद्याहून सरळ रेषेत सुमारे ३६० किलोमीटर. दिवसा जमिनीलगत येणारी लहर तिथवर येता येता क्षीण होते. शिवाय साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा आयनांचा थर वर जाणारी मध्यम लहर दिवसभर गिळत राहतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि लहर त्याहून वरच्या थरांवरून परावर्तित होऊन खाली येते. त्यामुळे मुंबईचे मराठी कार्यक्रम रात्री बडोद्यात जवळ आल्यासारखे वाटतात. मध्येच आवाज बुडतो आणि पुन्हा वर येतो, कारण वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना साथ देतात, कधी एकमेकींना पुसतात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे हा दोष नेऊ नये.

ट्रान्झिस्टर आले आणि मध्यम लहरींसाठी अगाशीवरची तार गेली. तिची जागा डब्यातल्या फेराइटच्या काळ्या कांडीने घेतली. ही कांडी लहरीतले चुंबकीय क्षेत्र पकडते, म्हणून तिला दिशा असते: टोक केंद्राकडे केले तर आवाज नाहीसा होतो, बाजू केली तर भरतो. मुंबई बडोद्याच्या जवळजवळ थेट दक्षिणेला आहे. तेव्हा कांडी पूर्व-पश्चिम हवी. रेडिओ फळीवर ‘अमुकच कोनात’ ठेवायचा आजोबांचा हट्ट शास्त्रशुद्ध होता.

दूरचित्रवाणी मध्यम लहरींवर का आली नाही? जागाच नाही म्हणून. मध्यम लहरींचा सगळा पट्टा मिळून सुमारे १.१ मेगाहर्ट्‌झ रुंद, आणि आपल्याकडच्या ६२५ रेषांच्या चित्राला एकट्यालाच ५ मेगाहर्ट्‌झ लागत. त्यामुळे चित्राला ४७ मेगाहर्ट्‌झच्या वर जावे लागले, आणि तिथे रात्रीच्या थरांचा आधार सुटतो. लहर वर गेली की सहसा अवकाशात निघून जाते. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणी सुरू झाली, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पण रात्री मुंबई ऐकणाऱ्या बडोद्याला मुंबई दिसणे नेहमीच्या हवामानात शक्य नव्हते. मध्ये पृथ्वीची गोलाई आडवी येते.

बडोद्याजवळचा प्रक्षेपक १९७५ मध्ये उभा राहिला, खेडा जिल्ह्यातल्या पीज या गावात, एक किलोवॉटचा. बडोद्यापासून अंतर साधारण पन्नास-साठ किलोमीटर. हे अंतर काठावरचे आहे, ते असे: मनोरा आणि अँटेना यांच्या मीटरमधल्या उंचींची वर्गमुळे काढा, बेरीज करा, ४.१२ ने गुणा; तेवढे किलोमीटर रेडिओ क्षितिज. समजा मनोरा १०० मीटर आणि तुमचा अँटेना जमिनीपासून ९ मीटर. दहा अधिक तीन तेरा, म्हणजे सुमारे ५४ किलोमीटर. अँटेना १६ मीटरवर नेला तर चार किलोमीटर वाढतात. कमाई थोडी दिसते, पण नेमक्या त्या चार किलोमीटरच्या पट्ट्यात राहणाऱ्याला मुंग्या आणि चित्र यांतला फरक त्यातूनच मिळतो. पाइपला पाइप जोडून अँटेना चढवण्याची ती चढाओढ वेडेपणाची नव्हती. फक्त ताणाच्या तारा तीन दिशांना न बांधता दोनच बांधणे हा वेडेपणा होता, आणि तो पहिल्या वळवाच्या पावसात कळे.

तो अँटेना म्हणजे यागी-उडा, जपानमधल्या या दोन संशोधकांनी १९२६ मध्ये मांडलेला. तार जोडलेली घडीची दांडी लहरीच्या निम्म्याला थोडी कमी. चॅनल ४ चे चित्र ६२.२५ मेगाहर्ट्‌झवर, लहर ४.८२ मीटर, म्हणून दांडी सुमारे २.३ मीटर. मागची परावर्तक दांडी तिच्याहून साधारण पाच टक्के लांब, पुढच्या थोड्या आखूड. आखूड बाजू प्रक्षेपकाकडे; ती उलटी लावल्याने वाया गेलेल्या संध्याकाळी कमी नसतील.

उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, हा या अँटेनाचा शत्रू. पतंगाच्या ओढीने तो दहा अंश फिरतो आणि सगळे दिशेला दोष देतात. वास्तविक तीन दांड्यांच्या अँटेनाचा झोत साठेक अंश रुंद असतो, दहा अंशांनी फारसे बिघडत नाही. मांजाच्या हिसक्याने निखळतो तो घडीच्या दांडीवरचा स्क्रू. १५ जानेवारीला संध्याकाळी अँटेना फिरवण्याआधी तो पाहावा. दुसरा नेहमीचा दोष दुहेरी चित्राचा. एखाद्या उंच इमारतीवरून आपटून आलेली लहर ३०० मीटर जास्त चालली, तर एक मायक्रोसेकंद उशिरा पोचते. पडद्यावरची एक रेषा ५२ मायक्रोसेकंदांत आखली जाते, तेव्हा ४० सेंटिमीटर रुंद पडद्यावर सावली पाऊण सेंटिमीटर उजवीकडे दिसते. सावलीचे अंतर मोजून दोषी इमारत शोधता येते. सावली अगदी चिकटून असेल तर मात्र आधी वायर पाहावी: ३०० ओहमची चपटी वायर काढून ७५ ओहमची गोल केबल थेट जोडली, मध्ये बलून (दोन वायरींची सांगड घालणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) बसवला नाही, तर लहर केबलमध्येच पुढे-मागे आपटत राहते.

पीजचा प्रक्षेपक ज्या काळात उभा राहिला, त्याच काळात, १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, साइट हा उपग्रहावरून शैक्षणिक दूरचित्रवाणी दाखवण्याचा प्रयोग चालला. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह आफ्रिकेवर थांबवून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट चित्र उतरवले गेले. खेड्यातला अँटेना तीन मीटर व्यासाचा, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीचा. वारंवारता ८६० मेगाहर्ट्‌झ, लहर ३५ सेंटिमीटर; जाळीची भोके तिच्यापुढे इतकी बारीक की लहरीला ती पत्र्यासारखीच वाटते. अशा ताटलीचा झोत आठेक अंश रुंद येतो. म्हणून ती एकदा नीट बसवली की कारागीर परत गेला तरी चाले.

त्यानंतरचे टप्पे भराभर आले: १९८२ मध्ये रंग, १९८४ मध्ये गावोगाव शंभर वॉटचे छोटे प्रक्षेपक, नव्वदच्या दशकात केबल.

आता अगाशीवरच्या ६० सेंटिमीटरच्या ताटलीकडे वळू. वारंवारता १२ गिगाहर्ट्‌झच्या आसपास, लहर अडीच सेंटिमीटर. इथे तसली जाळी चालत नाही, दीड-दोन मिलिमीटरचा पोचासुद्धा जाणवतो आणि झोत जेमतेम तीन अंशांचा. ताटलीची कड एक सेंटिमीटर सरकली तरी एक अंश गेला. डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. बडोद्याहून तो जवळजवळ बरोबर आग्नेयेला, क्षितिजापासून ५५ अंशांवर. (वास्तूवाल्यांनी ही दिशा स्वयंपाकघराला दिली आहे, उपग्रहाला विचारले नव्हते.) ताटली मात्र इतकी वर पाहते असे दिसत नाही, कारण एलएनबी, म्हणजे ताटलीने गोळा केलेली लहर पकडणारा समोरचा डबा, तिच्या खालच्या अंगाला असतो. धो-धो पावसात चित्र जाते ते या आखूड लहरीमुळे: पावसाचे थेंब तिच्या मापाच्या जवळ येतात, तिला शोषतात आणि विखुरतात. थांबावे, पाना घेऊन वर चढू नये. आकाश निरभ्र असताना चित्र गेले तर कनेक्टर उघडावा. आतली तांब्याची तार काळी पडली असेल तर पाणी शिरले आहे. बाहेरच्या जाळीचा एक केस जरी तिला टेकला तरी एलएनबीला जाणारी वीज बंद पडते.

या मोजपट्टीने मोजण्यासारखी शेवटची एरियल अगाशीवर नाही, खिशात आहे. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झ, लहर तीन मीटर, पाव लहर पाऊण मीटर. मोबाइलमध्ये एवढी जागा कुठली? म्हणून फोन इअरफोनची वायरच एरियल म्हणून वापरतो आणि ती जोडल्याशिवाय एफएम लावत नाही. वायर गुंडाळून खिशात ठेवली की खरखर, सरळ सोडली की गाणे. बिनतारी इअरफोन घेणाऱ्याची एरियल गेली, आणि कित्येक नव्या फोनमध्ये वायर खोचायचे भोकच नाही.