संगणक नेटवर्क आणि पॅकेट पद्धत

दोन किंवा अधिक संगणकांना ठरलेल्या नियमांनी एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करता यावी म्हणून तारा, काचतंतू किंवा रेडिओलहरींनी केलेली जोडणी म्हणजे संगणक नेटवर्क. या देवाणघेवाणीला विदा संप्रेषण म्हणतात. बोलताना सगळ्याला मिळून नुसते ‘नेट’. आजची बहुतेक सगळी नेटवर्क पॅकेट पद्धतीवर चालतात. संदेशाचे लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालायचा आणि एकेक तुकडा सुटा सोडून द्यायचा, अशी ही पद्धत. काही तुकडे वाटेत हरवणार, काही उशिरा पोहोचणार, काहींचा क्रम उलटा होणार, हे तिने पहिल्यापासून धरूनच ठेवलेले आहे.

ट्रंक कॉल आणि तार

जुन्या टेलिफोनवर मुंबईहून सोलापूरला ट्रंक कॉल लागला की एक्स्चेंजपासून एक्स्चेंजपर्यंत एक सलग मार्ग त्या दोघांसाठी अडवला जाई. दोघे गप्प बसले तरी मार्ग अडलेलाच. ही सर्किट पद्धत. माणसांच्या गप्पांना ती परवडते, कारण माणसे सहसा गप्प बसत नाहीत. संगणकाचे तसे नसते. तो क्षणभर भडाभडा बोलतो आणि मग कितीतरी वेळ त्याचा आवाज नसतो. त्याच्यासाठी अख्खी लाइन राखून ठेवणे म्हणजे एका प्रवाशासाठी एसटी सोडण्यासारखे आहे.

तारखात्याची रीत वेगळी होती. मधल्या कचेरीत तार उतरवून घेत, पुढची लाइन मोकळी झाली की पुढे पाठवत. पॅकेट पद्धतीने ही ‘उतरवून घे, पुढे धाड’ रीत उचलली आणि तिच्यात एक भर घातली: संदेशाचे तुकडे केले, म्हणजे एखाद्याच्या लांबलचक मजकुरामागे दुसऱ्याच्या दोन ओळी ताटकळत राहू नयेत. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तरी तिची ही सवय प्रत्येक राउटरमध्ये, म्हणजे पॅकेटला पुढची वाट दाखवणाऱ्या यंत्रात, शाबूत आहे.

उगम

ही कल्पना दोघांना स्वतंत्रपणे सुचली. अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेतील पॉल बॅरन यांना अणुहल्ल्यातही तग धरणारी संदेशयंत्रणा हवी होती. त्यांचे सविस्तर अहवाल १९६४ मध्ये आले. इंग्लंडमधील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनाल्ड डेव्हिस १९६५ मध्ये त्याच जागी पोहोचले, पण त्यांची गरज साधी होती: महागडा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता यावा. ‘पॅकेट’ हे नाव डेव्हिस यांचे. इतर भाषांत सहज नेता येईल असा शब्द हवा म्हणून त्यांनी एका भाषातज्ज्ञाचा सल्ला घेतला होता. मराठीत तर ‘पाकीट’ घरचेच. तरीही इथले नेटवर्कवाले पॅकेटच म्हणतात. पाकीट हरवले म्हटले की हात आधी खिशाकडे जातो.

आर्पानेट हे या पद्धतीचे पहिले मोठे नेटवर्क, आजच्या इंटरनेटचे पूर्वरूप. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संगणकाकडे ‘लॉगिन’ हा शब्द धाडायला घेतला. त्यातली ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोन रोमन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक कोसळला. तासाभराने पुन्हा प्रयत्न झाला आणि जमला. इंटरनेट अणुयुद्धासाठी बांधले गेले असे सर्रास सांगितले जाते, पण ती बॅरन यांच्या अहवालाची आणि आर्पानेटची करून टाकलेली सरमिसळ आहे. आर्पानेटचा हेतू संशोधकांनी एकमेकांचे संगणक वापरावेत एवढाच होता. एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावर नेण्याच्या एफटीपी नियमांचा पहिला मसुदा १९७१ मध्ये अभय भूषण या आयआयटी कानपूरच्या पदवीधराने लिहिला.

सर्वांत धाडसी पाऊल त्यानंतरचे. फ्रान्समध्ये लुई पूझँ यांच्या सिक्लाद नेटवर्कने असे ठरवले की मधल्या यंत्रांनी पॅकेट फक्त पुढे ढकलायचे. ते पोहोचले की नाही याची काळजी दोन टोकांच्या संगणकांनी वाहायची. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या रचनेत हा विचार आला आणि तिच्यातूनच टीसीपी/आयपी हे नियम घडले. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने जुने नियम टाकून ते स्वीकारले. मधली यंत्रे मुद्दाम भोळी ठेवल्यामुळेच कुठलेही नेटवर्क कुठल्याही नेटवर्कला जोडता आले.

‘नमस्कार’चा प्रवास

एखाद्याने संगणकावरून ‘नमस्कार’ पाठवला, असे समजू. वाचणाऱ्याला त्यात चार अक्षरे दिसतात, संगणकाला सात: न, म, स, हलन्त, क, काना, र. सध्या रूढ असलेल्या यूटीएफ-८ संकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात (एक बाइट म्हणजे ८ बिट, आणि बिट म्हणजे शून्य किंवा एक), म्हणजे झाले २१ बाइट. (रोमन अक्षराला एकच बाइट पुरतो. मोबाइलच्या एसएमएसमध्ये संकेत निराळा, पण देवनागरीला जागा तिथेही जास्तच लागते: १४० बाइटांच्या एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावतात आणि मराठीची ७० चिन्हे. एका सणाच्या शुभेच्छांना दोन एसएमएसचे पैसे का पडायचे, ते यावरून कळते.)

या २१ बाइटांवर आता वेष्टने चढतात. पहिले टीसीपीचे, किमान २० बाइटांचे: हा तुकडा कितवा आणि कोणत्या प्रोग्रामसाठी. त्यावर आयपीचे, आणखी २० बाइट: कुठून आला, कुठे जायचा. त्याबाहेर इथरनेटचे, पुढे १४ आणि मागे ४ बाइट: याच खोलीतल्या, याच केबलवरच्या कोणत्या यंत्राला द्यायचा. मागच्या ४ बाइटांत ताळा पाहण्याचा आकडा असतो. वाटेत एक बिट जरी उलटला तरी ताळा जुळत नाही आणि पॅकेट टाकून दिले जाते. एकूण झाले ७९ बाइट. आत माल २१ बाइटांचा आणि वेष्टन ५८ चे. लहान संदेशाला हा व्यवहार तोट्याचा वाटतो, पण इथरनेटच्या एका वेष्टनात आतली दोन वेष्टने धरून १५०० बाइटांपर्यंत माल भरता येतो, आणि मोठी फाइल पाठवताना वेष्टनाचा भार नगण्य होतो.

हे ७९ बाइट ज्या लॅन केबलमधून जातात ती हातात घेऊन सोलली तर आत आठ बारीक तारा निघतात, दोन-दोनच्या चार पिळदार जोड्या. पीळ शोभेचा नाही. बाहेरचा विद्युत गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखाच चढतो आणि पलीकडचे यंत्र दोन तारांमधला फरकच मोजते, त्यामुळे गोंगाट वजा होतो. क्रिम्पिंग करणारा, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग बसवणारा, तारा सरळ करून नखाने एका रेषेत धरतो आणि मनात म्हणतो: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. हिरवी जोडी मध्येच फाकवलेली का, हा नवख्याचा नेहमीचा प्रश्न. मधल्या दोन जागा टेलिफोनच्या जोडीच्या, म्हणून निळी तिथे बसते आणि हिरवीला तिच्या दोन बाजूंनी उभे राहावे लागते. सेकंदाला १०० मेगाबिटच्या जोडणीला नारिंगी आणि हिरवी याच दोन जोड्या पुरतात. गिगाबिटला, म्हणजे १००० मेगाबिटला, चारही हव्यात. म्हणून एखादी तपकिरी तार खाचेत नीट बसली नाही तर केबल बंद पडत नाही, बऱ्याचदा निमूटपणे १०० वर उतरते, आणि ‘नेट स्लो आहे’ ही तक्रार महिनोन्महिने भलत्याच ठिकाणी शोधली जाते.

केबलच्या पलीकडे एकाच जागेतली यंत्रे जोडणारा स्विच, मग राउटर. राउटर इथरनेटचे वेष्टन फाडतो, आयपीचा पत्ता वाचतो आणि पुढच्या दिशेचे नवे वेष्टन चढवतो. आयपीच्या वेष्टनात एक आकडा असतो, तो प्रत्येक राउटरवर एकाने कमी होतो आणि शून्यावर आला की पॅकेट नष्ट केले जाते. तो नसता तर रस्ता चुकलेली पॅकेटे नेटवर्कमध्ये कायमची घिरट्या घालत राहिली असती.

हरवलेले परत कसे मिळते

टीसीपीत बोलणे सुरू होण्याआधी तीन पॅकेटांची देवघेव होते, अगदी फोनवर होते तशी: ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ ‘येतंय, तुम्हाला?’ ‘हो, येतंय.’ त्यानंतर पोहोचलेल्या मजकुराची पोच द्यायची, आणि ठरावीक वेळात पोच आली नाही की तो तुकडा पुन्हा पाठवायचा. व्हिडिओ कॉलला मात्र ही शिस्त सहसा नको असते. दोन सेकंदांपूर्वीचा हरवलेला शब्द आता आणून काय करायचा? तिथे यूडीपी नावाचे, पोच न मागणारे नियम वापरतात आणि हरवले ते हरवले. समोरच्याचा आवाज मध्येच तुटतो किंवा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो तो बहुधा यामुळे.

पुन्हा पाठवण्याच्या या हुशारीनेच एकदा नेटवर्क बसवले. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. दोन्ही ठिकाणांत अंतर जेमतेम चारशे यार्डांचे. चिठ्ठी घेऊन कोणी चालत गेला असता तरी लवकर पोहोचला असता. झाले असे की गर्दीमुळे पॅकेटे हरवत होती, हरवली म्हणून सगळे संगणक ती पुन्हा ओतत होते आणि गर्दी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय असा: पॅकेट हरवणे हीच गर्दीची खूण माना, हरवले की वेग एकदम खाली आणा, मग हळूहळू वाढवा. वाहतूक पोलीस कोणीच नाही. प्रत्येक संगणक आपण होऊन मागे सरतो. या क्षेत्रातली इतकी स्वस्त आणि इतकी उपयोगी युक्ती दुसरी दाखवणे कठीण आहे.

वेग आणि अंतर

जाहिरातीत लिहिलेले ‘एमबीपीएस’ (सेकंदाला किती मेगाबिट) म्हणजे नळाची रुंदी. पाणी नळाच्या दुसऱ्या टोकाला किती वेळात पोहोचते हा वेगळा प्रश्न, आणि त्याचे उत्तर पैशाने फारसे बदलत नाही. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी जातो. मुंबई ते लंडन सरळ रेषेत अंदाजे ७,२०० किमी; म्हणजे जाऊन येऊन ७२ मिलिसेकंद तरी लागणारच, आणि समुद्रतळाची केबल काही सरळ रेषेत जात नाही. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किमीवर असलेल्या भूस्थिर उपग्रहामार्गे तर सवाल-जवाबाला जवळजवळ अर्धा सेकंद जातो.

भारतातील सुरुवात

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने १९८६ मध्ये एर्नेट हा शिक्षण आणि संशोधन संस्थांच्या नेटवर्कचा प्रकल्प हाती घेतला. त्यात तेव्हाच्या पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूला असलेले एनसीएसटी हे सॉफ्टवेअर तंत्रज्ञानाचे सरकारी केंद्र होते. जुहू आणि पवईची आयआयटी यांच्यातली डायल-अप (टेलिफोनच्या लाइनीवरून चालणारी) ईमेल ही या कामाची पहिली पावले, आणि भारताच्या ईमेलचा अमेरिकेकडे जाणारा दरवाजाही पुढे जुहूलाच उघडला. एर्नेटच्या सुरुवातीच्या लाइनींचा वेग सेकंदाला ९,६०० बिट होता. त्या वेगाने वरच्या ७९ बाइटांच्या ‘नमस्कारा’ला ६६ मिलिसेकंद लागतात, गिगाबिट केबलवर एक मायक्रोसेकंदही लागत नाही. एनसीएसटीचे तेव्हाचे प्रमुख श्रीनिवासन रमणी यांचे नाव या उभारणीशी कायमचे जोडले गेले आहे. ही संस्था नंतर सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत विलीन झाली. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने खुले केले.

त्यानंतरही बरीच वर्षे एक गंमत चालू होती. एकाच शहरातल्या दोन कंपन्यांच्या ग्राहकांमधले पॅकेट अनेकदा परदेशात जाऊन परत येत असे, कारण त्या दोन कंपन्यांची गाठ तिथेच पडायची. देशातल्या देशात ही गाठ घालून देण्यासाठी २००३ मध्ये निक्सी ही संस्था निघाली. बाहेरच्या जगाशी संबंध आजही मुख्यतः समुद्रतळाच्या केबलींनीच येतो आणि त्यांतल्या बऱ्याच मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ अशा दोन केबली तुटल्या, तेव्हा भारतातले इंटरनेट मंदावले. पण थांबले नाही. पॅकेटे दुसऱ्या बाजूने, प्रशांत महासागरावरून वळसा घालून जाऊ लागली.

थर आणि नावे

नेटवर्कच्या कामाची थराथरांत मांडणी करणाऱ्या ओएसआय प्रतिमानाचे सात थर अभियांत्रिकीच्या परीक्षेत हमखास विचारतात. पाठांतराला ते चांगले आहे. प्रत्यक्षात तारेवर धावते ते टीसीपी/आयपी, आणि त्याला चार-पाच थर पुरतात.

पत्त्यांची गोष्ट मात्र अजून सुरू आहे. आयपीच्या जुन्या, चौथ्या आवृत्तीचा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सुमारे ४३० कोटी पत्ते. ते केव्हाच अपुरे पडले. म्हणून घरोघरच्या राउटरमागे १९२.१६८ ने सुरू होणारे तेच ते खासगी पत्ते वापरले जातात आणि बाहेर सगळे घर एकाच पत्त्याने वावरते. सहाव्या आवृत्तीचा पत्ता १२८ बिटांचा आहे. आकडे कोणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांवरून पत्ता शोधून देणारी डीएनएस व्यवस्था रचली. ती रोमन अक्षरे गृहीत धरून वापरात आली होती. २०१४ मध्ये ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम सुरू झाले आणि मराठीत, कोकणीत संकेतस्थळाचे नाव घेता येऊ लागले. नाव पडद्यावर देवनागरीत दिसते, पण चौकशीला निघताना त्याचे रोमन अक्षरे आणि आकडे यांच्या एका अगम्य साखळीत रूपांतर होते. तिची सुरुवात ‘एक्स’, ‘एन’ आणि दोन आडव्या रेघांनी होते, आणि पलीकडचा संगणक तेवढेच वाचतो.