टाकीत पाणी शिरतं कुठून?

पावसाळ्यानंतर होडीचं इंजिन गचके खाऊ लागलं की दोष बहुतेक वेळा इंधनाच्या टाकीत साचलेल्या दवाला दिला जातो. आधी हिशेब करून पाहू. ३० अंशांची, बाष्पानं पूर्ण भरलेली एक घनमीटर हवा साधारण ३० ग्रॅम बाष्प धरते. म्हणजे १०० लिटरच्या रिकाम्या टाकीत फक्त ३ ग्रॅम. रात्री पारा ८ अंशांनी उतरला, तर टाकी व्हेंटमधून, म्हणजे हवा ये-जा करायच्या नळीतून, अडीच-पावणेतीन लिटर नवी हवा ओढते. तिच्यातलं सगळं बाष्प थेंब होऊन पडलं तरी ते ०.०८ ग्रॅम. अख्ख्या पावसाळ्यात १० ग्रॅम, म्हणजे दोन चमचे. मग इंधन फिल्टरच्या बाउलमध्ये, म्हणजे पाणी साचायच्या खालच्या वाटीत, पेलाभर पाणी येतं कुठून?

बहुतेक वेळा डेकवरच्या फिलर झाकणातून, म्हणजे इंधन भरायच्या तोंडाच्या झाकणातून. झाकणाभोवतीची खोबण १५ सेंटिमीटर व्यासाची धरली, तर १०० मिलिमीटर पावसात तिच्यात पावणेदोन लिटर पाणी पडतं, आणि ठाणे-नवी मुंबईत जुलैत असे दिवस येतात. त्यातच उन्हानं तापलेली टाकी सरीनं एकदम गार झाली की आतला दाब उतरतो. व्हेंट जाळी चोंदल्यामुळे बंद असेल, तर टाकी झाकणाच्या फटीतूनच ओढून घेते, हवा आणि पाणी दोन्ही. म्हणून झाकणाची ओ-रिंग, म्हणजे रबरी गोल कडी, मे महिन्यातच बदलावी. कडक झालेली रिंग वरून ठीक दिसते, त्यामुळे नुसत्या नजरेवर विसंबू नये. रिंग ज्या कडेवर बसते तिला खडू फासा, झाकण घट्ट लावा आणि उघडा. रिंगवर उमटलेली खडूची रेघ जिथे तुटली असेल, तिथूनच पाणी जातं.

व्हेंटची नळी आत आधी उंच चढवून मग बाहेर काढावी आणि तिचं तोंड खाली किंवा मागच्या बाजूला ठेवावं, म्हणजे लाट थेट टाकीपर्यंत पोचत नाही. डिझेलचा पिंप जेट्टीवर उघड्यावर उभा ठेवू नये. वरच्या काठात तळं साचतं आणि पिंप गार होताना बुचातून ते शोषतो. आडवा ठेवावा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत आणि डिझेलच्या पातळीखाली.

डिझेलची घनता साधारण ०.८२ ते ०.८४५, पाण्याची १. त्यामुळे पाणी तळाशी बसतं, आणि शोषनळीचं तोंड तळापासून थोडं वर असल्यानं खाडीच्या शांत पाण्यात काहीच जाणवत नाही. होडी वाशीचा पूल ओलांडून उरणकडे, मोकळ्या पाण्यात डोलू लागली की तळ ढवळतो आणि इंजिन नको त्या जागी बंद पडतं. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या गरम नोझलच्या टोकाशी पाण्याची एकदम वाफ झाली तर टोकच फुटू शकतं. डिझेल पंपाचे हलते भाग काही मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) फटीत चालतात, त्यांना खारं पाणी गंज चढवतं. डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर जिवाणू-बुरशी वाढून काळी शेवाळासारखी घाण फिल्टर चोंदवते, ते वेगळंच.

आउटबोर्डच्या, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाच्या, पेट्रोलचं गणित निराळं. त्यात २० टक्के इथेनॉल असतं आणि ते थोडं पाणी विरघळवून घेतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर तळाशी उतरतो. वरून ताजं पेट्रोल ओतून ते भरवशानं सुधारत नाही, टाकी रिकामीच करावी लागते. होडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर पेट्रोल आधीच संपवा. डिझेलची टाकी मात्र ९५ टक्के भरून ठेवावी, बाकी जागा फुगायला.

पारदर्शक बाउलचा फिल्टर टाकी आणि इंजिनाच्या मध्ये हवाच. आउटबोर्डला १० मायक्रॉनचा. निचरा करताना इंजिन बंद, खाली भांडं, आणि नुसतं डिझेल येईपर्यंत खालचा कॉक उघडा. टाकी फिल्टरपेक्षा खाली असेल तर थेंबही पडणार नाही, उलट हवा आत जाईल. तेव्हा आधी इंधनाच्या नळीवरचा हातपंप मारायचा आणि शेवटी एअर, म्हणजे नळीत अडकलेली हवा, काढायची. टाकीच्या तळाचा नमुना कडक नळीच्या हातपंपानं सर्वांत खोल कोपऱ्यातून घ्या. डिझेल असेल तर बरणीत खाण्याचा रंग दोन थेंब टाका. रंग फक्त पाण्यात पसरतो, त्यामुळे थर स्पष्ट दिसतो.

निघालेल्या पाण्याचे चार थेंब काचेवर वाळू द्या. पांढरे खडे उरले तर पाणी समुद्राचं, म्हणजे व्हेंट तपासा. काच स्वच्छ राहिली तर पावसाचं, म्हणजे झाकण किंवा पिंप.